विपणन-लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता : साधनाची निवड आणि विधानाची जबाबदारी

जाहिरात, माहितीपत्रक, उत्पादनाचे वर्णन, ग्राहकाला पाठवावयाचे पत्र, समाजमाध्यमांवरील चार ओळी या सर्व लेखनाला वाणिज्य शाखेच्या परिभाषेत विपणन-लेखन असे म्हटले जाते. साहित्यसमीक्षेने या लेखनाची फारशी दखल घेतलेली नाही. त्याला लेखकाचे नाव नसते आणि एका हंगामापलीकडे आयुष्यही नसते. तथापि सर्वसामान्य माणूस रोज जे मराठी वाचतो, त्याचा मोठा हिस्सा हेच लेखन असते. आता हे लेखन यंत्राकडून करवून घेतले जाऊ लागले आहे. त्यासाठी कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न दुकानदार, लघुउद्योजक आणि जाहिरातसंस्था विचारीत आहेत. प्रवेशाचे माहितीपत्रक काढणारी महाविद्यालयेही त्यात मागे नाहीत. या प्रश्नाला जी उत्तरे दिली जात आहेत, त्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेचे तक्ते

या विषयावरील तुलनात्मक लेखन बहुधा तक्त्याच्या रूपात आढळते. डाव्या बाजूला साधनांची नावे असतात : चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, जॅस्पर, कॉपी.एआय, राइटसोनिक. पुढे मासिक शुल्क, तयार साच्यांची संख्या, भाषांची संख्या आणि लेखनाचा वेग असे रकाने असतात. शेवटी पाचपैकी किती तारे, याचा निवाडा. असे अनेक तक्ते ज्या संकेतस्थळांवर येतात, त्यांना त्यातील दुव्यावरून झालेल्या प्रत्येक खरेदीमागे दलाली मिळते. म्हणजे विपणन-साधनांची ही तुलना पुष्कळदा स्वतःच विपणन-लेखन असते. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवलेली बरी.

दलालीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या रकान्यांतून फारसे हाती लागत नाही. शुल्काचेच पाहावे. चॅटजीपीटीची सशुल्क आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये दरमहा २० डॉलर या दराने सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी दरमहा ३९९ रुपयांची वेगळी योजना निघाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती भारतीय ग्राहकांना वर्षभर विनामूल्य देऊ करण्यात आली. ज्या वस्तूचा भाव असा हलतो, तिचा शुल्काचा रकाना तक्ता छापून होईतो जुना होतो. वेगाचा रकाना तर निरर्थकच आहे. सगळीच साधने क्षणार्धात लिहितात. वेळ लागतो तो लिहिलेले तपासण्याला, आणि तो कोणत्याच तक्त्यात मोजलेला नसतो.

यापेक्षा महत्त्वाची बाब अशी की तक्त्यात स्वतंत्र म्हणून मांडलेली साधने पुष्कळदा स्वतंत्र नसतात. २०२० आणि २०२१ च्या सुमारास निघालेली विपणन-लेखनाची खास साधने मुळात ओपनएआय या संस्थेच्या जीपीटी-३ या भाषा-प्रतिमानावर उभी होती. त्यांत जॅस्पर हे सर्वांत गाजलेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये या कंपनीने साडेबारा कोटी डॉलरचे भांडवल उभारले, तेव्हा तिचे मूल्य दीड अब्ज डॉलर ठरविण्यात आले होते. पुढच्याच महिन्यात, ३० नोव्हेंबर रोजी, ओपनएआयने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले आणि जॅस्परच्या साच्यांतून पैसे मोजून मिळणारे लेखन ज्या जातीचे होते, त्याच जातीचे लेखन फुकट मिळू लागले. जुलै २०२३ मध्ये जॅस्परला कर्मचारीवर्गात कपात करावी लागली. विहीर एकच आणि पोहरे वेगळे, असा हा प्रकार होता. पुढे या खास साधनांनी निरनिराळ्या कंपन्यांची प्रतिमाने वापरावयास सुरुवात केली आणि ब्रँडची शैली जपणे, मजकुराला वरिष्ठांची मंजुरी घेणे, अनेकांनी मिळून काम करणे अशा सोयींवर भर दिला. ज्या संस्थेत वीस माणसे एकाच ब्रँडसाठी लिहितात, तिला या सोयींचा उपयोग आहेच. परंतु 'अधिक चांगले कोण लिहिते' या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

किंबहुना हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. जाहिरात हे वचन असते. 'हे तेल केस गळणे थांबविते', 'हा डबा गळत नाही', 'येथे शिकलेल्यांना नोकरी मिळते' ही वाक्ये कशी लिहिली आहेत याच्या आधी ती कशाच्या आधारावर लिहिली आहेत हे पाहावे लागते. तो आधार कोणत्या साधनात दिसतो आणि कोणत्या साधनात झाकला जातो, याचा रकाना तक्त्यांत नाही.

गौडा चीजचे उदाहरण

या रकान्याची उणीव दाखविणारे एक उदाहरण अमेरिकेत घडले आणि ते घडविणारी कंपनी गूगल होती, हे विशेष. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हावयाच्या सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी गूगलने आपल्या जेमिनी या साधनाच्या जाहिराती तयार केल्या होत्या. अमेरिकेतील ५० राज्यांतील ५० लहान व्यवसाय हे साधन कसे वापरतात, असे त्यांचे सूत्र होते. विस्कॉन्सिन राज्यासाठीच्या जाहिरातीत चीज विकणारा एक दुकानदार संकेतस्थळावर टाकावयाचे गौडा चीजचे वर्णन जेमिनीकडून लिहवून घेताना दिसत होता. पडद्यावर उमटलेल्या त्या वर्णनात, जगात खाल्ल्या जाणाऱ्या एकूण चीजपैकी ५० ते ६० टक्के चीज गौडा असते, असे विधान होते.

हे विधान टिकणारे नाही. चेडर, मोझरेला आणि देशोदेशींची ताजी चीज यांचा विचार केला तरी ते कोसळते. पनीरचा हिशेब धरला तर भारतीय वाचकाला आकडेमोडीचीही गरज पडू नये. ही चूक समाजमाध्यमावर कोणीतरी दाखवून दिली. त्यावर गूगलच्या एका अधिकाऱ्याने दिलेले उत्तर या सर्व प्रकरणातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. हा यंत्राचा भ्रम नव्हे, जेमिनी इंटरनेटवरील मजकुराचा आधार घेते आणि अनेक संकेतस्थळांवर हाच आकडा दिलेला आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते. पुढे सामन्यापूर्वीच जाहिरातीतून तो आकडा काढण्यात आला. एवढ्यावर प्रकरण संपले नाही. पडद्यावर यंत्राने लिहिले म्हणून दाखविलेले वर्णन त्या दुकानाच्या संकेतस्थळावर २०२० पासूनच होते, म्हणजे जेमिनी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून होते, असे नंतरच्या वृत्तांतून उघड झाले.

अधिकाऱ्याचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचे म्हणता येणार नाही. अडचण तीच आहे. यंत्राने आकडा रचला नसेल, तर तो आधीच्या जाहिरातींत आणि वर्णनांत फिरत होता. कोणीतरी केव्हातरी लिहिला, दुसऱ्याने उचलला, दहा ठिकाणी छापला गेला आणि दहा ठिकाणी छापला गेल्यामुळे खरा ठरला. भाषा-प्रतिमान वाक्य रचते ते पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक आहे, याच्या हिशेबाने. ज्या लेखनप्रकारात 'सर्वोत्तम', 'अग्रगण्य', 'लाखो ग्राहकांची पसंती' हे शब्द अन्य कोणत्याही लेखनापेक्षा अधिक येतात, त्या प्रकाराचे लेखन सांगितले असता ते हेच शब्द देईल. यंत्र जाहिरात लिहिण्यास शिकले ते जाहिराती वाचूनच.

येथे जेमिनीऐवजी दुसरे साधन वापरल्याने काही बिघडले किंवा सुधारले असते असे मानण्यास जागा नाही. गूगलच्याच बाबतीत हा पहिला अनुभव नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्ड या नावाने हे साधन जाहीर झाले, तेव्हा त्याच्या प्रचाराच्या मजकुरात सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे पहिले छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने घेतल्याचे विधान होते. वस्तुतः ते २००४ मध्ये चिलीमधील एका दुर्बिणीने घेतले गेले होते. या चुकीनंतर मूळ कंपनीचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १०० अब्ज डॉलरने घसरले. दोन वर्षांनी साधन कितीतरी सुधारले होते, नावही बदलले होते. पण साधन आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये बसून 'हा आकडा कोठून आला' असे विचारणारा माणूस दोन्ही वेळा जागेवर नव्हता.

यावरून निवडीचा एक निकष निघतो. विधानाशेजारी त्याचा स्रोत दाखविणारे आणि तो उघडून पाहू देणारे साधन हे केवळ गुळगुळीत परिच्छेद देणाऱ्या साधनापेक्षा या कामासाठी अधिक योग्य होय. अर्थात स्रोत दाखविला म्हणजे तो विश्वसनीय झाला असे नव्हे, हे गौडाच्या आकड्याने दाखविलेच आहे. पण वाचणाऱ्याला हात थांबवावयाची जागा तेथे मिळते.

साच्यांचा प्रश्न

तयार साचे हे खास साधनांचे मुख्य आकर्षण. 'उत्पादनाचे नाव', 'ग्राहकवर्ग', 'सूर' अशा चार चौकटी भरल्या की मजकूर हजर. तक्त्यात ज्याचे साचे अधिक ते साधन वरचे ठरते. परंतु साचा निर्दोष असतो असे गृहीत धरता येत नाही, हे रायटर नावाच्या एका साधनाच्या प्रकरणातून दिसून आले. या साधनात ग्राहकांचे अभिप्राय लिहून देण्याचा एक साचा होता. वापरणाऱ्याने एकदोन शब्द दिले की ज्याचा त्या शब्दांत मागमूसही नाही असे तपशील घालून, जणू वस्तू वापरून पाहिलेल्या ग्राहकानेच लिहिला असावा असा अभिप्राय तयार होई. काही वर्गणीदारांनी असे हजारो अभिप्राय तयार केले, असे अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आयोगाने कारवाई जाहीर केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही सेवा देण्यास मनाई करणारा अंतिम आदेश निघाला.

हा आदेश पुढे टिकला नाही. आयोगातच या विषयावर पहिल्यापासून मतभेद होते. वापरणाऱ्याने साधनाचा दुरुपयोग करण्याचा संभव आहे एवढ्यावरून साधन बनविणाऱ्याला दोषी धरता येईल का, असा विरोधी सदस्यांचा आक्षेप होता. सरकार बदलल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने तो आदेश स्वतःच मागे घेतला. कायद्याच्या दृष्टीने हा आक्षेप वजनदार आहे. निवड करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळा आहे. जे साधन न वापरलेल्या वस्तूचा वापरल्यासारखा अभिप्राय लिहून देण्यासाठी स्वतंत्र कळ ठेवते, त्याच्या कर्त्यांनी आपल्या ग्राहकांविषयी काय अपेक्षा बाळगली आहे, हे त्या एका कळीवरून समजते. भारतात भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्येच ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे, त्याचाही येथे विचार व्हावा.

साच्यांविषयीचा दुसरा आक्षेप भाषेचा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यासाठी तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे.

मराठीचा निकष

'भाषांची संख्या' या रकान्यात मराठी असते. परंतु 'मराठी येते' या एका शब्दात किती गोष्टी झाकल्या जातात याची कल्पना एका आकडेवारीवरून येईल. भाषा-प्रतिमाने मजकुराचे टोकन नावाचे लहान तुकडे पाडून काम करतात; शुल्क आणि मर्यादाही पुष्कळदा याच तुकड्यांवर आकारल्या जातात. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे प्रतिमान जाहीर करताना ओपनएआयने निरनिराळ्या भाषांतील एकाच मजकुराचे किती तुकडे पडतात याचा तक्ता दिला. त्यानुसार जुन्या पद्धतीत इंग्रजी मजकुराचे २७ तुकडे पडत, तर त्याच मजकुराच्या मराठी रूपाचे ९६. नव्या पद्धतीत हे आकडे अनुक्रमे २४ आणि ३३ झाले. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही. परंतु तोवर मराठीत काम करणारा तेच बोलण्यासाठी साडेतीनपट तुकडे खर्च करीत होता आणि कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात त्याची नोंद नव्हती.

तुकड्यांचा प्रश्न अभियांत्रिकीने सुटतो. मजकुराचा प्रश्न तसा सुटत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक भारतात होते; पण कॉमन क्रॉल या इंटरनेटवरील मजकुराच्या प्रचंड संग्रहात इंग्रजीचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असताना मराठीचा वाटा एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांचा महाकॉर्पस सिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर मोलाचा आहे. तरीही प्रश्न उरतो तो या मजकुराच्या जातीचा. इंटरनेटवर जे मराठी विपणन-लेखन आहे, त्यातील पुष्कळसे मुंबईत किंवा दिल्लीत इंग्रजी वा हिंदीत लिहिलेल्या जाहिरातीचे घाईने केलेले भाषांतर आहे. 'सुनिश्चित करा', 'आपला अनुभव उंचवा', 'च्या माध्यमातून', 'आमच्यासोबत जुडा' ही मराठी यंत्राने जन्माला घातलेली नाही. ती माणसांनी, कमी मोबदल्यावर आणि अपुऱ्या वेळात लिहिली. यंत्र तिचा आरसा आहे. उलट, आठवडी बाजारातील विक्रेत्याची हाक, मंगल कार्यालयाचे पत्रक, किराणा दुकानाच्या वहीमागील सूचना, सहकारी भांडाराची दवंडी हे मराठीचे अस्सल विक्रीशास्त्र इंटरनेटवर फारसे चढलेच नाही. पुणेरी पाटी तेवढी छायाचित्रांच्या रूपाने चढली; पण ग्राहकाला झिडकारून त्याला दुकानात आणण्याची तिची रीत कोणत्याही साधनाच्या 'सूर' या चौकटीत बसण्यासारखी नाही.

याचे परिणाम व्याकरणाच्या अगदी मुळाशी दिसतात. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आहे. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीला एकाच शब्दावर भागवावे लागते. त्यामुळे इंग्रजी घडणीच्या वाक्यावरून येणारे मराठी 'चला, आम्ही पर्यावरण वाचवूया' असे घसरते. येथे 'आपण' हवे, एवढे शाळकरी मुलालाही कळते. चूक लहान दिसते, पण जाहिरातीत ती मर्मावर बसते, कारण विक्रेता ग्राहकाला आपल्या वर्तुळात घेतो की बाहेर ठेवतो, हे जाहिरातीचे सर्वांत पहिले काम असते. पुन्हा हेच 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुषीही चालते : 'आपण सहकुटुंब यावे.' एका पत्रकात पहिल्या ओळीला 'आपण', तिसऱ्या ओळीला 'तुम्ही' आणि शेवटी बोधवाक्यात 'तू' असा गोंधळ यंत्रलिखित मजकुरात सहज शिरतो. तसेच 'कृपया'चे. मराठी सौजन्य विध्यर्थात असते : 'यावे', 'पाहावे', 'अगत्य कळवावे'. प्रत्येक वाक्याला 'कृपया' लावणारे मराठी सभ्य वाटण्याऐवजी रेल्वेच्या उद्घोषणेसारखे वाटते.

शब्दकळेचे उदाहरण म्हणून समजा, एखाद्या बचत गटाला दिवाळीच्या फराळाची जाहिरात हवी आहे. चौकटी भरून मागितलेल्या मजकुरात 'स्वादिष्ट', 'कुरकुरीत', 'पारंपरिक चवीचा आनंद' हे शब्द येतील आणि ते चकलीला, करंजीला, अनारशाला सारखेच लागू होतील. घरात फराळ करणारी बाई असे बोलत नाही. चकली काटेरी हवी, करंजी खुसखुशीत हवी, चिवडा खमंग हवा आणि अनारशाला जाळी पडायला हवी. अनारसा विकत घेणारा प्रथम जाळीच पाहतो. 'जाळीदार' हा एक शब्द विक्रेत्याला वस्तू कळते याची ग्वाही देतो. 'स्वादिष्ट' हा शब्द तसे काहीही सांगत नाही.

आता हा शब्द यंत्राला माहीत नसतो असे नाही. नेमके विचारले तर तो मिळतो. पण विचारण्यासाठी तो आधी माणसाला माहीत असावा लागतो. म्हणून मराठीच्या संदर्भात साधनांची तुलना कोण किती मराठी जाणते यावर करण्यापेक्षा विक्रेत्याच्या तोंडची मराठी कोणते साधन किती ऐकून घेते, यावर करणे श्रेयस्कर ठरेल. या कसोटीवर चार चौकटींचे साचे मागे पडतात. ज्या साधारण संवादी साधनांत गटाच्या प्रमुखांचे पाच मिनिटांचे बोलणे उतरवून देता येते, मागल्या वर्षीची पत्रके आणि ग्राहकांना लिहिलेली पत्रे नमुना म्हणून जोडता येतात, 'यातील शब्द बदलू नको, फक्त क्रम लाव' असे सांगता येते, ती साधने साच्यांची संख्या शून्य असूनही या कामासाठी उजवी आहेत. वऱ्हाडात, खानदेशात किंवा मालवणात विक्री करणाऱ्याला तर दुसरा मार्गच नाही. तेथील बोलीचा इंटरनेटवरील साठा इतका तुटपुंजा आहे की नमुना दिल्याशिवाय साधनाकडून तिची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

कायदा आणि महाविद्यालय

जबाबदारीच्या प्रश्नावर कायदा बराचसा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या, जाहिरात कोणी वा कशाने लिहिली हे विचारीत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा वस्तूची शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. साधन बनविणाऱ्याचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. कॅनडातील एका विमानकंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली, तेव्हा हे यंत्र आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार आहे असा बचाव कंपनीने केला होता. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला. ग्राहकांच्या नावपत्त्यांची यादी एखाद्या साधनात टाकणाऱ्याने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हाही वाचावा. येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

मोठ्या संख्येने मजकूर काढण्याचा मोह मात्र वेगळ्या मार्गाने मार खातो. दिवसाला शंभर लेख तयार करून देण्याचे आश्वासन हे काही साधनांचे मुख्य विक्रीवाक्य होते. गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये मजकूर कसा तयार झाला यापेक्षा त्याची गुणवत्ता पाहिली जाईल असे जाहीर केले आणि मार्च २०२४ मध्ये केवळ शोधयंत्रात वर येण्यासाठी घाऊक प्रमाणावर काढलेल्या मजकुराविरुद्ध, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, धोरण कडक केले.

महाविद्यालयांना हा विषय परका नाही. प्रवेशाच्या हंगामात निघणारे माहितीपत्रक हे विपणन-लेखनच असते, आणि त्याचा वाचक बारावीचा निकाल हातात घेतलेला विद्यार्थी व त्याचे पालक असतात. 'अत्याधुनिक प्रयोगशाळा', 'अनुभवी प्राध्यापकवर्ग', 'नोकरीची उत्तम संधी' हे शब्द यंत्राला सांगावे लागत नाहीत. महाविद्यालयाचे नाव दिले की ते येतातच, कारण सगळ्या माहितीपत्रकांत ते आहेत. प्रयोगशाळेतील किती संगणक चालू आहेत आणि किती जागा रिक्त आहेत, हे मात्र यंत्राला ठाऊक नसते. ते प्राध्यापकांना ठाऊक असते. शिकवणीवर्गांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि यशाची व नोकरीची खोटी हमी देण्यास प्रतिबंध केला. महाविद्यालयाच्या पत्रकाला हाच निकष लावून पाहण्यास कोणाची हरकत असू नये. एखाद्या ग्रामीण भागातील मुलीने त्या पत्रकातील एका ओळीवर विसंबून घर सोडले, तर ती ओळ कोणी लिहिली हे तिला विचारता येत नाही. पत्रकाच्या शेवटी नाव प्राचार्यांचे असते.

निवडीची पद्धत

साधनाची निवड ही संगणक विभागाकडे सोपविण्याची बाब नाही, हे वरील विवेचनातून दिसून येईल. वाणिज्य आणि मराठी हे दोन विभाग मिळून ती वर्गातच करू शकतात, आणि विद्यार्थ्यांना त्यातून विपणनाचे आणि भाषेचे शिक्षण एकाच वेळी मिळते. एकच वस्तू घ्यावी, एकच माहिती तीन साधनांना मराठीतूनच द्यावी आणि आलेल्या तिन्ही मसुद्यांतील प्रत्येक विधानाखाली रंगीत रेघ ओढावी. जे दिलेल्या माहितीतून आले त्याला एक रंग, जे बाहेरून आले पण ज्याचा स्रोत साधनाने दाखविला त्याला दुसरा, आणि ज्याचा आधार कोठेच सापडत नाही त्याला तिसरा. त्यानंतर मसुदा मोठ्याने वाचावा. जेथे वाचणारा अडखळतो किंवा ऐकणारे हसतात, तेथे खूण करावी. तिसऱ्या रंगाच्या रेघा आणि अडखळण्याच्या खुणा ज्यात सर्वांत कमी, ते साधन त्या वस्तूपुरते आणि त्या सहामाहीपुरते घ्यावे. पुढच्या सहामाहीत साधने बदललेली असतील आणि हीच कसोटी नव्याने लावावी लागेल.

या प्रयोगात विद्यार्थ्यांचा खरा वेळ कोठे जातो, हेही पाहण्यासारखे आहे. साधनांची नोंदणी आणि मसुदे यांना एक तास पुरतो. वेळ लागतो तो 'एकच माहिती' गोळा करण्याला. वर घेतलेल्या फराळाच्या उदाहरणात त्यासाठी बचत गटाच्या सदस्यांना भेटावे लागेल आणि विचारावे लागेल : अनारशासाठी तांदूळ कोणता घेतला, तो किती दिवस भिजत घातला, गूळ वापरला की साखर, तळले तुपात की तेलात, डब्यात नग किती, आणि किती दिवस टिकतात.